सायकलच्या किटला रेस अंगठ्याची की मुठीची? सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोडला आम्ही साध्या सायकलींना बॅटरी-मोटरचं किट बसवून देतो. येणारी माणसं टॉवेलच्या मागावर, बिडीच्या कामावर नाहीतर मंगळवार पेठेच्या बाजारात राबणारी. मोटर किती वॅटची आणि एका चार्जिंगमध्ये किती जाईल, हे सगळे विचारतात. रेस, म्हणजे मोटरचा वेग हाताने कमी-जास्त करायची कळ, कुठली बसवायची, हे पैसे मोजून झाल्यावर कुणीतरी विचारतं. माझ्या मते हा प्रश्न आधी यायला हवा. बॅटरी लहान निघाली तर माणूस थोडं जास्त पेडल मारतो. रेस चुकीची निघाली तर रोज हात दुखतो, आणि एखाद्या दिवशी सायकल नको तिथे पळते. म्हणून गेल्या काही वर्षांत लोकांनी जे जे विचारलं, ते इथे एकत्र लिहिलं आहे.

दोन्हींत नेमका फरक काय?

अंगठ्याची रेस म्हणजे मुठीच्या आतल्या बाजूला बसणारी छोटी पट्टी. चार बोटं मुठीला धरलेली राहतात आणि अंगठ्याने पट्टी पुढे दाबायची. मुठीची रेस मोटरसायकलसारखी, मनगटाने आपल्याकडे फिरवायची. मुठीतही दोन प्रकार आहेत. पूर्ण मुठीत हाताखालचं सगळं रबर फिरतं. अर्ध्या मुठीत आतला अर्धा भाग फिरतो आणि बाहेरचा अर्धा घट्ट राहतो, त्यामुळे तळहाताला टेकायला जागा मिळते. मुठीचीच घ्यायची असेल तर अर्धी घ्या. सायकलला पूर्ण मूठ आम्ही बसवत नाही.

आतलं काम वेगळं असतं का? एकीने मोटर जास्त पळते का?

नाही. दोन्हींच्या आत एक लहान चुंबक आणि तो किती जवळ आहे ते ओळखणारा एक हॉल सेन्सर असतो. पट्टी दाबली किंवा मूठ फिरवली की चुंबक सेन्सरजवळून सरकतो आणि कंट्रोलरकडे, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणाऱ्या डबीकडे, जाणारा व्होल्टेज बदलतो. साधारण ५ व्होल्टचा पुरवठा येतो. हात सोडलेला असताना सिग्नलच्या वायरवर १ व्होल्टच्या आसपास दिसतं आणि पूर्ण रेस दिल्यावर ४ च्या आसपास. मधल्या आकड्यावरून कंट्रोलर मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवतो. म्हणजे ताकद मोटर, बॅटरी आणि कंट्रोलरची. मूठ बसवली की गाडी जोरात जाते, हा समज कॉलेजच्या पोरांमध्ये फार आहे आणि तो चुकीचा आहे. मुठीत फिरायला जास्त जागा असेल तर वेग थोडाथोडा वाढवणं सोपं जातं, एवढंच.

तुम्ही स्वतः कुठली बसवायला सांगता?

कुणी काही सांगितलं नाही तर अंगठ्याची.

कारण चालवण्याशी कमी आणि न चालवण्याशी जास्त आहे. आपण सायकल दिवसातून कितीदा हाताने ढकलतो ते मोजून बघा. घराच्या पायरीवरून खाली उतरवतो, वाड्याच्या बोळातून बाहेर काढतो, बाजारात पिशव्या लावून चालत नेतो. या प्रत्येक वेळी उजवा हात मुठीवर असतो आणि सायकल ओढली की मनगट आपोआप आपल्याकडे वळतं. चावी चालू असेल आणि रेस मुठीची असेल तर मोटर सुरू होते. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत हेच घडलं. त्यांनी पायरीवरून सायकल उतरवायला मूठ धरून ओढली, सायकल पुढे झेपावली, ते घाबरले, मागे रेलले आणि रेलताना मूठ आणखी फिरली. समोर दारात नात उभी होती. सायकल भिंतीला घासून थांबली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून घरात लहान मूल असेल तर मुठीची रेस मागितली तरी मी आधी गिऱ्हाइकाला समोर बसवून बोलतो.

मागे रेललं की मूठ आणखी उघडते, हा या रचनेतला खरा धोका आहे. सायकल अचानक उसळली की अंग मागे जातं, हात ताणले जातात, मनगट खाली येतं, आणि ज्या क्षणी रेस कमी व्हायला हवी त्याच क्षणी ती वाढते. अंगठ्याच्या रेसला अंग मागे गेलं की अंगठा पट्टीवरून सुटतो. तीही सगळीकडून निर्धोक नाही. घाबरून हँडल गच्च आवळणाऱ्या माणसाचा अंगठा पट्टीवर दाबलेला राहू शकतो. पण आमच्या अनुभवात हे क्वचित होतं आणि दोन दिवस मैदानात चालवल्यावर ती सवय मोडते.

बर्फावर चालणाऱ्या गाड्यांना अंगठ्याचीच रेस असते, ते का?

गुलमर्गला जाऊन आलेले लोक हे हमखास विचारतात. तिथल्या स्नोमोबिलवर उजव्या अंगठ्याखाली रेसची पट्टी आणि डाव्या हातात ब्रेक असतो. समुद्रकिनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या चार चाकी एटीव्हीलाही बहुधा अशीच पट्टी दिसते. कारण सोपं आहे. या गाड्या वळवताना माणूस एका जागी बसून राहत नाही. तो उठतो, एका बाजूला झुकतो, हँडल पार टोकापर्यंत वळवतो. हँडल इतकं वळलं की मनगटाचा कोन बदलतो, आणि मूठ फिरवायची असती तर वळणावर रेस नकळत कमी-जास्त झाली असती. अंगठ्याच्या पट्टीमुळे चारही बोटं हँडलला घट्ट धरून ठेवता येतात आणि वेगाचं काम एकटा अंगठा करतो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण पेठांतली वळणं आहेत. नव्या पेठेतून कुठल्याही बोळात वळताना हँडल किती फिरतं ते आठवा. शिवाय वळता वळता समोर रिक्षा येते. स्नोमोबिलला जी अडचण वळणावर असती तीच आपल्या सायकलला बोळात येते, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम सांगतो.

त्या गाड्यांची दुसरी बाजूही ऐका. तासन्‌तास पट्टी दाबून अंगठा भरून येतो, थंडीत गारठतो. म्हणून कित्येक स्नोमोबिलना अंगठा गरम ठेवायची सोय असते, आणि काही चालक कंपनीची पट्टी काढून मुठीची रेस बसवून घेतात. म्हणजे जिथे अंगठ्याची रेस रुळली आहे तिथेही ती सगळ्यांच्या हाताला चालत नाही.

वीस वर्षं मोटरसायकल चालवतोय. मला मुठीचीच सवय आहे. मग?

मग तुम्हाला अर्धी मूठ चालेल. हाताला जे वळण लागलंय त्याच्या उलट संकटात काही आठवत नाही, हे मला मान्य आहे. पण दोन गोष्टींची काळजी घ्या. मोटरसायकलला क्लच असतो, इथे नाही. मूठ फिरली की चाक फिरलं. आणि ही सायकल घरात आणखी कोण चालवणार ते आधी ठरवा. वडिलांसाठी बसवलेली सायकल संध्याकाळी मुलगा क्लासला नेतो, दुपारी आई दळण आणायला नेते. ज्यांनी कधी गाडी चालवली नाही त्यांना मूठ शिकवण्यापेक्षा अंगठा शिकवणं सोपं जातं. घरातल्या सगळ्यात नवख्या हाताकडे बघून ठरवा.

मी बिडी वळते. अंगठा आधीच दुखतो. मला कुठली?

अक्का, तुमच्यासाठी अंगठ्याची नको. हे उत्तर मी एका बाईंच्या त्रासातून शिकलो.

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून एक बाई आल्या होत्या. वळलेल्या बिड्या शहरात कारखान्यावर नेऊन द्यायच्या म्हणून मुलाने किट बसवून घेतलं. मी नेहमीप्रमाणे सुरक्षित म्हणून अंगठ्याची रेस लावली. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा बघितलं, तर अंगठा दाबवत नव्हता म्हणून त्या तळहाताच्या टाचेने पट्टी रेटत होत्या. म्हणजे उजव्या हाताची पकडच सुटलेली, आणि ब्रेकवर एक बोटही नाही. अक्कलकोट रोडला ट्रकांच्या बाजूने त्या तशा येत होत्या. मी सुरक्षित म्हणून दिलेली वस्तू त्या हातात सगळ्यात धोक्याची झाली होती.

हजार बिड्यांच्या हिशेबावर मजुरी मिळते. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, या प्रत्येक कामाला अंगठा लागतो. दिवसभर हजारदा राबलेल्या अंगठ्याला परतीच्या वाटेवर आणखी दाबायला लावणं बरोबर नाही. यंत्रमागावर तुटलेले धागे सांधणाऱ्यांचं, शिलाईला कात्री चालवणाऱ्यांचंही हेच.

घरी एक तपासणी करून बघा. अंगठा तळहातात घ्या, वरून चार बोटांची मूठ बांधा आणि मनगट करंगळीच्या बाजूला हळूच झुकवा. थोडा ताण कुणालाही जाणवतो. पण अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत सणकून कळ आली तर तिथल्या स्नायूबंधांना सूज असू शकते. डॉक्टरांना दाखवा, आणि रेस अर्धी मूठ घ्या.

अशा वेळी मुठीचे धोके कमी करायला आम्ही तीन गोष्टी करतो. हलक्या स्प्रिंगची मूठ निवडतो, म्हणजे मनगटाला जोर लागत नाही. कंट्रोलरला तीन वेगांचं बटन असेल तर ते सगळ्यात कमीवर ठेवून देतो. आणि चावी हँडलजवळ, डाव्या हाताला सहज लागेल अशी बसवतो, म्हणजे उतरण्याआधी ती बंद करायची सवय लागते. त्या बाई आता अशीच सायकल चालवतात.

लांबच्या रस्त्याला अंगठा भरून येतो. काही उपाय?

आधी पट्टीचा कोन बघा. बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. दुकानदार पट्टी आडवी सरळ लावून देतो, मग अंगठा वर उचलून दाबावा लागतो. सीटवर बसून, हात नेहमीसारखे ठेवून, मनगट न वाकवता अंगठा जिथे आपोआप पडतो तिथे पट्टी यायला हवी. सहसा ती थोडी खाली झुकवावी लागते. एक स्क्रू सैल करून हे घरी करता येतं.

काही जण क्रूझ मागतात. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरमध्ये ती सोय असते. रेस काही सेकंद एकाच जागी धरली की वेग कायम राहतो आणि ब्रेक दाबेपर्यंत किंवा रेस पुन्हा देईपर्यंत सुटत नाही. मी ती वायर जोडत नाही. हायवेच्या कडेला कुत्रं आडवं येतं, स्पीडब्रेकरला पांढरे पट्टे नसतात, आणि हात सोडला तरी सायकल पळत राहते हे नवख्या माणसाच्या लक्षात यायला वेळ लागतो. किट दुसरीकडून बसवलं असेल तर क्रूझ आपोआप लागते का, ते एकदा मोकळ्या जागेत तपासून घ्या.

ऊन, धूळ, पाऊस यांत कुठली टिकते?

अंगठ्याची. मुठीची नळी हँडलवर घासत फिरते, त्या फटीत धूळ शिरते आणि काळ्या मातीचा चिखल वाळला की मूठ जड होते, हळू परत येते. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे असताना दुपारभर उन्हात उभ्या सायकलचं हलकं रबर मऊ आणि चिकट होतं, घामाच्या हातात मूठ घसरते तरी किंवा चिकटते तरी. अंगठ्याच्या पट्टीला हे त्रास कमी.

पाण्याची भीती दोन्हींना सारखीच. पाणी रेसच्या डबीत शिरण्याआधी वायरच्या जोडात शिरतं. जोड खाली तोंड करून ठेवा आणि धुताना हँडलवर पाइपचा फवारा मारू नका. ओलं फडकं पुरतं.

जुन्या, रॉड ब्रेकच्या सायकलला बसते का?

बसते, पण जागा मोजून. बाजारातल्या रेस २२ मिलिमीटर जाडीच्या हँडलसाठी असतात आणि आपल्या बहुतेक साध्या सायकलींना त्या चढतात. मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या रेसिंग हँडलची नळी जाड असते, तिला नाही.

रॉड ब्रेकच्या सायकलीत ब्रेकचा दांडा हँडलला लागूनच जातो. तिथे मूठ बसवली तर ती दांड्याला घासते. अंगठ्याच्या रेसची पट्टी अरुंद, ती सहसा जमते. पण या ब्रेकला मोटर बंद करणारा स्विच लावणं अवघड जातं. म्हणून अशी सायकल आली की मी पुढे-मागे तारेचे ब्रेक घालून घ्यायला सांगतो. खर्च वाढतो, पण त्याशिवाय मी मोटर बसवत नाही.

रेस अडकली आणि सायकल थांबेचना, तर?

दोन्ही ब्रेक दाबा. ब्रेकच्या लिव्हरमध्ये कट-ऑफ स्विच असेल तर लिव्हर दाबताच मोटर बंद होते, रेस कितीही उघडी असली तरी. मग चावी बंद करा. किट घेताना कट-ऑफचे लिव्हर सोबत आहेत का, हे रेसच्या प्रकारापेक्षाही आधी बघायचं. स्नोमोबिलवरही हा विचार केलेला दिसतो. चालकाच्या अंगाला दोरी अडकवलेली असते, तो पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. कित्येक गाड्यांत तर अंगठा सुटूनही रेसची केबल अडकून राहिली तर इंजिन आपोआप थांबवणारा स्विच असतो.

रेस अडकण्याची कारणं साधी असतात. मूठ ब्रेकच्या पकडीला टेकवून घट्ट बसवलेली असते. मध्ये एक-दोन मिलिमीटर फट सोडली की ती मोकळी फिरते. स्प्रिंग थकते. वरून दुसरं फॅन्सी कव्हर चढवलेलं असतं, ते घासतं.

एक कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही. रेसला तीन वायरी असतात: पुरवठ्याची, सिग्नलची आणि अर्थची, म्हणजे बहुधा काळी. ही काळी वायर आत तुटली तर सिग्नल वर चढतो आणि साध्या कंट्रोलरला वाटतं, पूर्ण रेस दिली आहे. चांगला कंट्रोलर अशा वेळी मोटर बंद ठेवतो, हलका ठेवेलच असं नाही. हँडल वळताना वायर ताणली जात असेल, तर ती सैल करून बांधा. मेकॅनिककडे मल्टिमीटर असेल तर हात सोडलेला असताना सिग्नलवर १ व्होल्टच्या आसपास येतंय ना, एवढं बघून घ्यायला सांगा.

उजव्या हातात ताकद नाही. डाव्या बाजूला रेस लावता येईल?

येईल, आणि इथे अंगठ्याचीच चांगली. डाव्या हाताच्या पट्ट्या मिळतात. उजवीकडची मूठ डावीकडे लावली तर ती उलट फिरते, तसं करू नका. पक्षाघातानंतर एका हाताने तीनचाकी चालवणाऱ्या एका काकांना आम्ही रेस आणि दोन्ही ब्रेक एकाच बाजूला दिले, एका लिव्हरला दोन तारा जोडून. त्यांना बसवून, चालवून, परत कोन बदलून अर्धा दिवस गेला. अशा कामाला तेवढा वेळ देणाऱ्याकडेच जा.

रेस नकोच, पेडल मारलं की मोटरने साथ द्यावी, असं होतं का?

होतं. पेडलजवळ सेन्सर बसतो. पेडल फिरलं की मोटर लागते, थांबलं की थांबते. अंगठाही नको, मूठही नको. गुडघे चांगले असतील तर माझ्या मते ही सगळ्यात चांगली सोय. बॅटरी जास्त पुरते आणि सायकल हाताने ढकलताना दचकायचं कारण उरत नाही. पण दिवसभर मागावर उभं राहून पाय गळून गेलेल्या माणसाला पेडल मार म्हणणं अवघड आहे. त्यांना रेस हवीच. दोन्ही एकत्र बसवता येतात, आणि चढावर निघताना रेस थोडी देऊन पुढे पेडलवर जाणं छान जमतं.

लायसन्स लागतं का? रेसमुळे काही फरक पडतो?

आपल्या मोटार वाहन नियमांत २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारी मंजूर बॅटरी गाडी मोटार वाहन धरली जात नाही, म्हणून तिला लायसन्स लागत नाही. पेडलला साथ देणाऱ्या सायकलीसाठी अट अशी की वेग २५ कडे जाताना मोटरची साथ कमी होत जावी, पेडल थांबलं की ती बंद व्हावी, आणि पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर असावा. ३५० किंवा ५०० वॅटचं किट सायकलवर बसवलं तरी ते या सवलतीत येत नाही, मग रेस कुठलीही असो. दुकानात कुणी काहीही सांगितलं तरी हे लक्षात ठेवा. युरोपात तर नुसत्या रेसवर साधारण चालण्याच्या वेगापलीकडे, म्हणजे ताशी ६ किलोमीटरच्या वर, जाणारी सायकल साधी सायकल धरत नाहीत.

विकत घेताना दुकानात काय बघू?

रेस काही शे रुपयांची वस्तू आहे, ती बदलता येते, त्यामुळे किटमध्ये आली तीच वापरायला हवी असं नाही. हातात घ्या. दहा वेळा पूर्ण दाबा किंवा फिरवा आणि एकदम सोडा. प्रत्येक वेळी ती त्याच जागी, तोच टक्‌ आवाज करत परत आली पाहिजे. मग अगदी हळू सोडून बघा. काही रेस झटक्यात सोडल्या की नीट येतात आणि हळू सोडल्या की मध्येच थांबतात. अशी ठेवून द्या, दुसरी मागा. सायकल कोण चालवणार आहे त्यांनाच सोबत न्या आणि त्यांच्या हातात द्या.